ईच, आयदर, नायदर

समूहातल्या व्यक्तींकडे किंवा वस्तूंकडे एकेकटे पाहायला लावणारी तीन सर्वनामे इंग्रजीत आहेत: ईच, आयदर आणि नायदर. व्याकरणात त्यांना विभागवाचक सर्वनामे म्हणतात.

ईच म्हणजे प्रत्येक. ते दोघांनाही चालते आणि पन्नासांनाही. गफलत होते ती क्रियापदात. ‘ईच ऑफ द बॉईज हॅज अ पेन’ या वाक्यात ‘बॉईज’ अनेकवचनी आहे, म्हणून हात आपोआप ‘हॅव’ लिहायला जातो. पण कर्ता ‘ईच’ आहे, मुले नव्हेत, म्हणून ‘हॅज’. मात्र ‘दे ईच हॅव अ पेन’ म्हटले की कर्ता ‘दे’ होतो आणि ‘हॅव’च बरोबर ठरते. हा एक फरक नीट समजला की निम्मे काम झाले.

आयदर म्हणजे दोहोंपैकी कोणतेही एक, नायदर म्हणजे दोहोंपैकी एकही नाही. तीन किंवा अधिक असतील तर एनी आणि नन वापरावे.

मराठी माणसाने नायदर विशेष जपून वापरावे. आपण ‘दोघांपैकी कोणीही आले नाही’ म्हणतो. नकार क्रियापदाजवळ असतो. नायदरच्या पोटात तो आधीच आहे. म्हणून ‘नायदर ऑफ देम केम’ एवढेच पुरे. पुढे ‘डिड नॉट’ जोडले की अर्थ उलटतो.

एव्हरी मात्र या यादीत येत नाही. ते नामाशिवाय उभे राहत नाही. ‘एव्हरी ऑफ देम’ चुकीचे, ‘एव्हरी वन ऑफ देम’ बरोबर.