श्योकच्या काठी, जर्दाळूच्या सावलीत

आपल्याकडे सुक्या मेव्याच्या दुकानात जर्दाळू मिळतो तो तपकिरी, सुरकुतलेला, आत टणक बी असलेला. मुंबईच्या पारशी घरांत तो मटणात पडतो आणि वर बटाट्याची कुरकुरीत सळी येते. लहान मुलं गर चघळून झाला की बी फोडतात आणि आतला बदाम मटकावतात. पण झाडावर पिकलेला, उन्हाने एका गालावर लाल झालेला ताजा जर्दाळू आपल्यापैकी किती जणांनी खाल्ला असेल? पिकला की तो दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, लांबचा प्रवास त्याला सोसत नाही. तो खायचा तर झाडापाशीच जायला हवं, आणि त्यासाठी लडाखमधल्या तुर्तुकइतकं सुंदर गाव मला दुसरं ठाऊक नाही.

देशात सर्वाधिक जर्दाळू लडाखमध्ये होतो, पण सगळ्या लडाखमध्ये नाही. लेह साडेअकरा हजार फुटांवर, आणि तिथून वर गेलं की थंडी झाडाला जगू देत नाही. जर्दाळूच्या खऱ्या बागा कमी उंचीच्या खोऱ्यांत आहेत: सिंधूच्या काठी शाम भागात, दाह-हनूमध्ये, कारगिलच्या आसपास आणि श्योक नदीच्या काठच्या तुर्तुकमध्ये. तुर्तुक दहा हजार फुटांच्या आत येतं. इथला उन्हाळा थोडा लांबतो, म्हणून एकाच शेतात आधी जव आणि मग कुट्टू अशी दोन पिकं निघतात. उरलेल्या बहुतेक लडाखला हे भाग्य नाही.

लेहहून तुर्तुक सुमारे दोनशे किलोमीटर. साडेसतरा हजार फुटांवरची खारदुंग ला ओलांडून रस्ता नुब्रा खोऱ्यात उतरतो. बहुतेक पर्यटक हुंदरच्या वाळूत दोन मदारींच्या उंटावर बसतात आणि तिथूनच मागे फिरतात. त्यांनी आणखी काही तास पुढे जावं. दोन्ही बाजूंनी काराकोरमचे कडे जवळ येतात, त्यांच्यावर गवताचं पातंही दिसत नाही, खाली राखाडी पाण्याची श्योक वेगाने वाहत असते. असा रखरखीत प्रवास झाल्यावर एका वळणानंतर हिरवंगार गाव समोर येतं तेव्हा त्या हिरव्या रंगाची किंमत कळते. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लडाखमध्ये झाड आपोआप उगवत नाही. इथलं प्रत्येक झाड कोणीतरी लावलेलं आणि पाणी देऊन जगवलेलं असतं.

ते पाणी बाजूच्या घळीतून येणाऱ्या बर्फवितळीच्या ओढ्याचं. ओढ्यातून काढलेले पाट गल्लीगल्लीतून, घरांच्या पायथ्याशी, बागांच्या बांधावरून खळखळत जातात. दगड-मातीचा बांध इथे फोडला की तिथे पाणी वळतं. गावातून पायी फिरताना हा आवाज सतत सोबत असतो. गाडीरस्त्यापासून वर चढून, ओढ्यावरचा पूल ओलांडून जुन्या वस्त्यांकडे जावं. दगडी भिंती, अरुंद वाटा, आणि वाटेवर झुकलेल्या फांद्या. दगडी कोठारंही पाहण्यासारखी आहेत. खडकांच्या फटींतून येणारी गार हवा त्यांत खेळते, म्हणून भर उन्हाळ्यातही लोणी त्यांत टिकतं. गावकरी त्यांना नांगचुंग म्हणतात.

तुर्तुकचे लोक बाल्टी. भाषा बाल्टी, धर्म इस्लाम, आणि नातीगोती नदीच्या खालच्या अंगाला, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या खपलू आणि स्कर्दूपर्यंत पसरलेली. १९४७-४८च्या युद्धानंतर हा भाग पाकिस्तानच्या ताब्यात होता. डिसेंबर १९७१ मध्ये नुब्राचेच सुपुत्र मेजर चेवांग रिनचेन यांच्या नेतृत्वाखालच्या तुकडीने तो घेतला. या पराक्रमासाठी त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. पहिलं १९४८च्या लढाईचं होतं. तुर्तुक, चालुंका, त्याक्षी आणि थांग ही गावं भारतात आली आणि शिक्षणाला, कामधंद्याला खाली गेलेली माणसं तिकडेच राहिली. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. गावात या गोष्टी अजून सांगितल्या जातात. आपण खोदून विचारू नये, कोणी सांगू लागलं तर मात्र ऐकावं. पर्यटकांसाठी तुर्तुक खुलं झालं ते २०१० मध्ये.

आता मूळ विषयाकडे. जर्दाळूला लडाखी-बाल्टी बोलीत चुली म्हणतात. तोडणीचा हंगाम जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर. त्या दिवसांत गावात कोणी रिकामं नसतं. फांद्या हलवून फळं पाडली जातात, पोरं ती गोळा करतात, बाया निवडतात. चांगली फळं ताजी खायला, बाकीची घरांच्या सपाट छतांवर वाळत. वरून पाहिलं तर छप्परं केशरी झालेली दिसतात. इथली कोरडी हवा आणि कडक ऊन हेच वाळवणाचं यंत्र. गंधकाची धुरी न दिलेला जर्दाळू वाळून तपकिरीच होतो. दुकानातला चमकदार केशरी जर्दाळू पाहून याला हलका समजू नका.

या फळातलं काहीच वाया जात नाही. बी फोडून गर काढतात. गोड गर खायला, कडू गर तेलाला. तेल काढायची जुनी पद्धत मेहनतीची: गर वाटायचा, कोमट पाणी शिंपडत हाताने मळत राहायचं, मळता मळता तेल सुटतं. ते स्वयंपाकाला, केसांना, दुखऱ्या गुडघ्यांना, पूर्वी दिव्यालाही. फुटलेली टरफलं चुलीत जातात, वाळलेली पानं शेळ्यांना. रस्ते बर्फाने बंद व्हायचे त्या काळात याच सुक्या फळावर हिवाळे निघाले. म्हणून मला वाटतं, जर्दाळूचा मोहर पाहायला एप्रिलमध्ये येणाऱ्यांनी एकदा ऑगस्टमध्येही यावं. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेलं खोरं डोळ्यांचं पारणं फेडतं यात शंका नाही. पण या झाडाने माणसांना कसं जगवलं, ते कळतं फळांच्या दिवसांत.

लडाखच्या शेतकऱ्याला या फळाचं मोल मिळायला फार उशीर झाला. फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथ या किडीमुळे ताजी फळं लडाखबाहेर न्यायला वर्षानुवर्षं बंदी होती. अखेर २०२१ मध्ये इथला ताजा जर्दाळू दुबईला पोचला. २०२२ मध्ये रक्तसे कार्पो या पांढऱ्या बीच्या, अतिशय गोड जातीला भौगोलिक मानांकन मिळालं, लडाखचं पहिलंच. हलमान ही दुसरी नावाजलेली जात. ही वाट उघडली याचा आनंद आहे. मात्र तुर्तुकमध्ये गेस्टहाउस झपाट्याने वाढत आहेत, आणि खोलीचं भाडं जर्दाळूपेक्षा लवकर हाती येतं. एका मोठ्या झाडाची जागा दोन खोल्यांनी घेतली तर ते झाड पुन्हा वाढायला वर्षं लागतील. गावकऱ्यांना उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही. बागेतल्या जुन्या घरात राहणं आणि त्यांच्याच हातचा माल घेणं एवढं आपल्या हातात आहे.

जायचं तर आधी लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती घ्या, विरळ हवेशी खेळ नको. सीमाभागासाठी कोणती कागदपत्रं लागतात ते आधी तपासा आणि त्यांच्या प्रती जवळ ठेवा. मुक्काम तुर्तुकमध्येच करा, धावती भेट नको. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, फांदीला हातही विचारूनच लावा. विचारलंत तर ओंजळभर फळं मिळतील. परतताना सुका जर्दाळू घ्याच, शिवाय तेलाची छोटी बाटली. बियांचा गर घेताना मात्र गोड की कडू ते नीट विचारून, एक दाणा चावून बघून मगच पिशवीत टाका. कडू गरात विषारी अंश असतो, तो मुठीने खायचा नसतो.