सहा किलोचा अँगल निघत का नाही?

द्राक्षबाग मोडली किंवा वाटणी होऊन बांध सरकला, की तारकुंपणाचे अँगल उपटायचे काम निघते. तार गुंडाळायला फार वेळ लागत नाही. अँगल मात्र हलायचे नाव घेत नाहीत. मग कुणीतरी म्हणतो, ‘जेसीबी बोलवा.’ जेसीबी येतो, अँगल निघतातही. पण त्यातले बरेचसे वाकडे होऊन थेट भंगाराच्या भावात जातात.

40 बाय 40 मिलिमीटरचा, 5 मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला 3 किलो भरतो. म्हणजे सात फुटी अँगल साडेसहा किलोंच्या आतच. तो दोन फूट गाडला, की मातीला भिडलेला पृष्ठभाग होतो साधारण 950 चौरस सेंटिमीटर. घट्ट मातीने दर चौरस सेंटिमीटरला तीन-चारशे ग्रॅमची पकड धरली, तरी हिशेब तीनशे-चारशे किलोंच्या घरात जातो. उचलायचे असते ते लोखंड नव्हे, ही पकड सोडवायची असते.

काळ्या मातीत ही पकड जास्तच चिवट. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आक्रसतात. उन्हाळ्यात अँगलभोवती बोटभर फट दिसते, म्हणून तो सैल झाला असे वाटते. खाली फूटभरावर मात्र ओल टिकलेली असते आणि तिथे मातीने त्याला घट्ट धरलेले असते. त्यात गंजाची भर. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगत जातो आणि मातीचे कण स्वतःत ओढून घेतो. जुना अँगल नव्यापेक्षा हट्टी असतो तो यामुळे.

‘जमीन खालून ओढून धरते’ असेही शेतावर ऐकू येते. नुसत्या अँगलच्या बाबतीत ते खरे नाही. खाली पोकळी झाली, तरी हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. अँगलच्या छेदाचे क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटरही नाही. तेवढ्याने काय अडणार? पण तोच अँगल फूट बाय फूट काँक्रीटमध्ये बसवला असेल, तर तळ 900 चौरस सेंटिमीटरचा होतो. ओल्या चिकणमातीत ही ओढ शेकडो किलोंवर जाऊ शकते आणि दीड फूट खोल काँक्रीटचे स्वतःचे शंभरेक किलो वेगळेच. अशा वेळी एका बाजूने पहारीने तळापर्यंत वाट करून द्यावी. हवा आत शिरली की अर्धे भांडण मिटते.

यातली खरी गंमत घर्षणाच्या दिशेत आहे. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट दिशेने लागते आणि त्याची ताकद मर्यादित असते. बोटात अडकलेली अंगठी आपण सरळ न ओढता फिरवत काढतो. घर्षणाचा बहुतेक जोर फिरण्याला विरोध करण्यात खर्च होतो आणि वर येण्याला होणारा विरोध घटतो. गोल पाइपाचा खांब असेल तर मोठा पाइप पाना लावून हेच करावे. कडेचा फिरण्याचा वेग वर येण्याच्या वेगाच्या दहापट ठेवला, तर घर्षणाचा उभा विरोध जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतो. नदीपात्रात ठोकलेले पोलादी शीट पाइल काढताना क्रेनला कंपनयंत्र जोडतात, तेही पकड मोडण्यासाठीच.

अँगल असा फिरवता येत नाही. त्याला हलवावे लागते, तेही डोक्याला धरून नाही, नाहीतर जमिनीलगत वाकतो. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी पाणी सोडावे. सकाळी जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून, चारही बाजूंनी घणाचे ठोके द्यावेत. भोवती फट पडली की निम्मे काम झाले.

पुढे पहार आणि साखळी. तारेसाठी पाडलेल्या सर्वांत खालच्या भोकात बोल्ट घालायचा आणि साखळीचे वेढे त्याच्या खाली द्यायचे, म्हणजे ती वर सरकत नाही. पाच फुटी पहारीला साखळीपासून अर्ध्या फुटावर टेकू दिला, तर नऊपट जोर मिळतो: चाळीस किलोंचा भार टाकला, की वर 360 किलोंची ओढ. पण मग टेकूवर चारशे किलो येतात. टेकूला वीट ठेवली तर ओल्या जमिनीत तीच खाली जाते आणि माणूस उगाच घामाघूम होतो. फूटभर लांब-रुंद जाड फळी घ्यावी. संख्या जास्त असेल तर जीपवाल्यांचा उंच दातेरी जॅक सर्वांत सोयीचा. तो सरळ वर उचलतो आणि एकटा माणूस काम रेटू शकतो. माझे मत विचाराल तर जेसीबीच्या आधी तोच.

ट्रॅक्टर वापरायचा तर मागच्या हायड्रॉलिकने अगदी सरळ वर उचलावे. साखळी बांधून पुढे ओढण्याचा मोह टाळावा. अँगल वाकतो हे नुकसान लहान. साखळी उंच जागी बांधलेली असेल तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि ताणलेली साखळी तुटली तर ती कुणाच्या अंगावर येईल, सांगता येत नाही. माणसे लांब उभी करा.

आणि घण उचलण्याआधी झटका मशीन बंद करा, ठिबकची पाइपलाइन कुठून गेली आहे ते विचारून घ्या. अँगल निघाला की खड्डा त्याच दिवशी बुजवा. बैलाचा पाय त्यात गेला तर वाचवलेल्या अँगलच्या कितीतरी पट खर्च होईल.