वासना, पुनरावृत्ती आणि काळ : ‘सतीदानशूरमु’च्या निमित्ताने

तंजावरचे मराठा राजे शहाजी (कारकीर्द १६८४–१७१२) यांनी तमिळ भूमीत, तेलुगू भाषेत ‘सतीदानशूरमु’ हे यक्षगान रचले. त्याचा नायक मोरोभट हा नावानेच मराठी वाटणारा विद्वान ब्राह्मण आहे. एका अंत्यज स्त्रीवर तो मोहित होतो, शिष्याचा उपदेश धुडकावतो आणि तिच्या पतीकडे तिचेच दान मागतो. पती ते देतो, शिव प्रकट होतो आणि नाट्य संपते. मोरोभटाला अपराधी ठरविणे या प्रहसनावर अन्याय करणारे होईल. तथापि, वासनेला भूतकाळही नाही आणि भविष्यही नाही, अशी येथील कालरचना आहे. शीर्षक दात्याचे शौर्य गाते. जिचे दान होते तिच्या संमतीचा प्रश्न हास्यात विरतो.

याउलट वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात रावणाच्या अपराधांचा क्रम लागतो : वेदवतीचे केस धरणे, रंभेवरील बलात्कार आणि पुढे सीताहरण. नलकूबराच्या शापामुळे बलात्कार थांबतो. अपहरण थांबत नाही. हा पूर्ववृत्तान्त अगस्त्य रामाला सांगतो तो रावणवधानंतर. अपराधाची साखळी शेवटच्या अपराधानंतरच जुळविली जाते.

गुन्हेगारीशास्त्र आरंभीचे वय, वारंवारता, गांभीर्य आणि विराम यांचा एकत्र विचार करते. हॅन्सन व मॉर्टन-बूर्गाँ यांनी २००५ मध्ये ८२ अभ्यासांतील २९,४५० अपराध्यांची माहिती एकत्र केली. सरासरी पाच-सहा वर्षांच्या काळात सुमारे १३.७ टक्के व्यक्तींच्या नावे पुन्हा लैंगिक अपराध नोंदला गेला. कोणत्याही प्रकारच्या पुनरपराधाचे प्रमाण याहून बरेच अधिक होते. न नोंदलेले अपराध अर्थातच या हिशेबाबाहेर राहतात. तरीही ‘एकदाचा मोह’ आणि ‘अटळ स्वभाव’ ही दोन्ही साहित्यिक गृहीतके येथे अपुरी ठरतात.

भारतीय कायद्याने २०१३ मध्ये दंडसंहितेच्या कलम ३७६-ई द्वारे बलात्काराच्या पुनरपराध्यास स्वतंत्र शिक्षा ठरविली. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७१ मध्ये आहे. मात्र तेथे पुनरावृत्ती म्हणजे आधीच्या दोषसिद्धीनंतरची दोषसिद्धी. वेदवतीसारखी जिची तक्रार कोणत्याही न्यायासनापुढे आलीच नाही, ती या गणनेत येत नाही. साहित्याच्या तौलनिक अभ्यासाचे काम नेमके येथे सुरू होते : कथा कोणत्या क्षणी आरंभते, कोठे थांबते आणि त्या सीमांमुळे कोणाचे दुःख नोंदीबाहेर राहते, हे तपासणे.