परक्या युद्धातले रुग्णालय

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या रोखाने निघाल्या, तेव्हा त्या शहरात स्थायिक झालेल्या अमेरिकनांना हे युद्ध आपले मानण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांचा देश तटस्थ होता. तरीही मागे राहिलेल्यांनी राजदूत मायरन हेरिक यांच्या पाठबळावर नोयी या उपनगरात लष्करी रुग्णालय उभारले. तिथे त्यांच्या वसाहतीचे एक लहान रुग्णालय आधीपासून होते. आता लिसे पास्चर या शाळेची अर्धवट बांधलेली इमारत ताब्यात आली आणि वर्ग भरण्याआधीच तिच्यात खाटा लागल्या. ‘अमेरिकन अँब्युलन्स’ या नावाच्या या रुग्णालयाचा खर्च देणग्यांतून चाले, आणि खाटा वाढत सुमारे ६०० पर्यंत गेल्या. अशा संस्थांची आठवण आपण भूतदयेचा नमुना म्हणून काढतो, पण ती आठवण अपुरी आहे. लष्करी यंत्रणेला जे सुचले नव्हते किंवा ज्यासाठी तिला सवड नव्हती, ते या रुग्णालयाने करून दाखवले. त्याचे मोल इथे शोधायला हवे.

वाहतुकीचेच पाहा. शेणखत घातलेल्या शेतांत लढाया होत होत्या. त्या मातीने माखलेल्या जखमांत धनुर्वाताचे आणि गॅस गँग्रीनचे जंतू शिरत. अशा जखमेला सगळ्यात मोठा धोका उशिराचा. आणि सुरुवातीला कितीतरी जखमी मालगाडीच्या डब्यात, गवतावर पडून, दिवसचे दिवस प्रवास करून पॅरिसला पोहोचत. नोयीच्या मंडळींनी फोर्ड कंपनीच्या फ्रान्समधल्या शाखेकडून मिळालेल्या दहा चॅसींवर रुग्णवाहिका बांधून घेतल्या. सप्टेंबरात मार्नची लढाई झाली तेव्हा त्यांच्या गाड्या मो गावापर्यंत जाऊन जखमींना घेऊन आल्या. पुढे १९१५ मध्ये रुग्णालयाचे स्वयंसेवक ए. पायट अँड्र्यू यांनी फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचे मन वळवले आणि या गाड्यांची पथके थेट आघाडीजवळ नेली. फोर्डच्या हलक्या गाडीत तीन जखमी आडवे मावत. व्होजच्या डोंगरातल्या ज्या वाटांवर जखमींची ने-आण खेचरांवरून होत असे, तिथेही ती चढे. या कामातून ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही वेगळी संघटना उभी राहिली.

दुसरा पुरावा शस्त्रक्रियागृहातला. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाचा जबडा गोळीने किंवा तोफगोळ्याच्या तुकड्याने फुटे. नुसती जखम शिवली की चेहरा आत ओढला जाई, आणि मग त्या माणसाला चावता येत नसे की नीट बोलता येत नसे. नोयीत जॉर्ज हेज आणि विल्यम डेव्हनपोर्ट या दंतवैद्यांचा स्वतंत्र विभाग होता. हाडाचे तुकडे पट्ट्यांनी जागेवर धरून ठेवायचे आणि शल्यविशारदाच्या बरोबरीने उपचार आखायचा, ही तिथली पद्धत होती. त्या काळच्या लष्करी वैद्यकात दंतवैद्याला इतके मानाचे स्थान क्वचितच मिळे.

याहून दूरगामी ठरली ती विद्यापीठांच्या पथकांची योजना. जानेवारी १९१५ मध्ये क्लीव्हलँडहून शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांचे पथक आले. भूल देण्यात निष्णात असलेल्या परिचारिका अगाथा हॉजिन्स त्यात होत्या. त्यानंतर हार्वर्डचे पथक आले आणि त्यात मेंदूच्या शस्त्रक्रियेचे प्रणेते हार्वे कुशिंग होते. एकमेकांच्या सवयीचे डॉक्टर आणि परिचारिका अख्ख्या पथकानिशी उचलून नेता येतात, हे या अनुभवाने सिद्ध झाले. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या सैन्याची युरोपात पोहोचलेली पहिली तुकडी लढणाऱ्यांची नव्हती. ती क्लीव्हलँडचे ‘बेस हॉस्पिटल क्र. ४’ होती.

या रुग्णालयावरचे आक्षेप हलके नाहीत. हा धनिकांचा हौशी उद्योग होता, असे म्हटले जाते. बँकवाले, वारसदार आणि व्हँडरबिल्ट घराण्यातल्या स्त्रिया त्यात होत्या हे खरेच. पण शस्त्रक्रिया हौशी हातांत नव्हत्या. पैसा आणि ओळखी धनिकांच्या, निर्णय जाणकारांचे, अशी विभागणी झाली म्हणून काम उभे राहिले. फ्रान्सचे जखमी लाखांनी मोजले जात असताना ६०० खाटांची काय मातबरी, हा दुसरा आक्षेप. संख्येपुरता तो मान्य करावा लागतो. मात्र एखाद्या प्रयोगाचे माप त्याच्या आकाराने ठरत नाही, पुढे तो कितींनी उचलला यावर ठरते.

सगळ्यात टोकदार आक्षेप नैतिक आहे: सैनिकाला बरे करायचे ते पुन्हा मरायला पाठवण्यासाठीच ना? काही काळ नोयीत काम करून पुढे बेल्जियममधल्या फ्रेंच लष्करी रुग्णालयात गेलेल्या परिचारिका एलन ला मॉट यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न निर्दयपणे मांडला. त्याला पुरते उत्तर नाही. हे रुग्णालय मित्रराष्ट्रांच्या बाजूचे होते आणि युद्धयंत्रणेचा भागही होते. पण समोरच्या माणसाचा पाय सडू लागला असताना युद्ध न्याय्य आहे का याचा निकाल लागेपर्यंत थांबणे, हा त्या माणसावर अन्यायच. युद्ध थांबवण्याची जबाबदारी सरकारांची आणि नागरिकांची. तिचा भार जखमीच्या खाटेवर टाकता येत नाही.

जुलै १९१७ मध्ये अमेरिकी लष्कराने हे रुग्णालय ताब्यात घेतले आणि स्वयंसेवकांचा कारभार संपला. कुणाला तो पराभव वाटेल. मला तीच त्याच्या यशाची पावती वाटते. स्वयंसेवा ही सरकारी यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. आपत्तीच्या काळात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सेवाभावी संस्थेला म्हणूनच दोन प्रश्न विचारले पाहिजेत: यंत्रणा करत नव्हती असे काय तुम्ही करून दाखवले, आणि ते तिच्या अंगी किती मुरले? नोयीच्या रुग्णालयाकडे दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती.