बिनतक्रारीची उधळपट्टी

मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या कार्यालयीन इमारतीत साधारण निम्मी वीज एकट्या वातानुकूलनावर खर्च होते. त्यातली बरीच वाया जाते, आणि दर वेळी दोष जुन्या यंत्रांचा नसतो. चांगली यंत्रेही नको त्या वेळी आणि नको तितकी चालत राहतात. अशी नासाडी वर्षानुवर्षे टिकते, कारण तिचा कोणाला त्रास होत नाही. उकडू लागले की मेंटेनन्सला लगेच फोन जातो. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा अडकून रिकामे सभागृह रात्रभर गार होत राहिले, तर सकाळी येणाऱ्यांना खोली छान थंड वाटते एवढेच. वीजबिल महिन्याने येते आणि त्यात सगळ्या इमारतीचा मिळून एकच आकडा असतो. एकमेकांशी जोडलेल्या सेन्सरांचा खरा उपयोग इथे आहे. माणूस जी तक्रार करत नाही, ती ते नोंदवतात.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथे शिकवणारे वॉरन जॉन्सन यांच्या वर्गांत शिपाई दर तासाला येऊन तापमान पाही आणि मग तळघरात जाऊन उष्ण हवेची झडप कमी-जास्त करी. या येरझारांना कंटाळून जॉन्सन यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला व १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. सुरुवातीला हे उपकरण तळघरात फक्त घंटा वाजवी. झडप हलवायला माणूसच लागे. वर्गावर्गातल्या झडपा आपोआप उघडू-मिटू लागल्या त्या नंतर, दाबाखालच्या हवेच्या जोरावर. मोजणे, कळवणे आणि कृती करणे या तीन पायऱ्या आजच्या यंत्रणेतही त्याच आहेत. त्यांना जोडणाऱ्या व्यवस्थेला बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात बीएमएस, म्हणतात. एका कंपनीचा पाणी थंड करणारा चिलर आणि दुसरीचा पंप एकमेकांशी बोलू शकावेत म्हणून १९९५ मध्ये बॅकनेट हे सामाईक मानक आले. त्याआधी एकदा घेतलेल्या यंत्रणेच्या मालकाला सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी त्याच कंपनीच्या दारात उभे राहावे लागे.

सर्वांत मोठी बचत बहुधा पंखे आणि पंप यांच्या वेगात असते. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. निम्मा केला तर हिशेबाने आठवा भागच उरतो. वेग बदलण्याचे काम व्हीएफडी नावाचे उपकरण करते, पण किती बदलायचा हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. हवेचा दाब, तापमान आणि माणसांची गर्दी मोजणारे सेन्सर नसतील, तर महागडा व्हीएफडी दिवसभर पूर्ण वेगावरच बसून राहतो. असे व्हीएफडी अनेक इमारतींत पाहायला मिळतात.

गर्दी मोजण्याची एक युक्ती श्वासावर आधारलेली आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. भरलेल्या खोलीत तो हजाराच्या पुढे सहज जातो. सेन्सरने ही वाढ टिपली की ताज्या हवेची झडप उघडते आणि खोली रिकामी होताच मिटते. मुंबईसारख्या दमट शहरात याचे मोल अधिक, कारण आत घेतलेली हवा नुसती थंड करून भागत नाही. तिच्यातले बाष्पही काढावे लागते, आणि पावसाळ्यात ते काम जड पडते. या सेन्सरांची एक खोड मात्र ठाऊक असायला हवी. रोज रात्री इमारत रिकामी होते आणि आतली हवा बाहेरच्यासारखी होते, असे गृहीत धरून त्यातले अनेक सेन्सर स्वतःचे माप आपोआप जुळवून घेतात. कॉल सेंटर किंवा रुग्णालय रात्रीही भरलेले असते. तिथे हे गृहीतक चुकते आणि सेन्सर हळूहळू खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. हालचाल ओळखून दिवे लावणाऱ्या सेन्सरचा दोष तर सर्वांच्या परिचयाचा आहे: स्तब्ध बसून वाचणारा माणूस त्याला दिसतच नाही.

कारखान्यांत हीच गोष्ट दाबाखालच्या हवेची. सात बार दाबाच्या वाहिनीला ३ मिलिमीटरचे छिद्र पडले, तर गळणारी हवा भरून काढायला तीन-चार किलोवॅट वीज लागते. वाहिनी वर्षभर दाबाखाली राहिली तर २५ हजारांहून अधिक युनिट. हवेला रंग नाही, वास नाही, आणि यंत्रांच्या गोंगाटात तिची शीळ ऐकू येत नाही. फ्लो मीटर जोडलेला असेल तर सुट्टीच्या दिवशीचा आकडा पाहावा. उत्पादन बंद असताना वाहिनीतून जी हवा जाते, ती जवळपास सगळी गळतीच. नेमकी जागा मग अल्ट्रासॉनिक यंत्राने सापडते.

ॲमस्टरडॅममधली ‘द एज’ ही कार्यालयीन इमारत या विद्येचे नामांकित उदाहरण. तिच्यात सुमारे २८ हजार सेन्सर आहेत आणि माणसे कमी येणार असतील त्या दिवशी काही भाग बंद ठेवता येतो. एवढे सेन्सर प्रत्येक इमारतीला लागत नाहीत. मजलावार वीजमीटर, चिलरच्या जाण्या-येण्याच्या पाण्याचे तापमान आणि रात्रीच्या वापराचा आलेख, एवढ्यावरही पुष्कळ काही उलगडते. रात्री दोन वाजता इमारत किती वीज खाते, हा प्रश्न सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी.

यंत्रणा फसते ती बहुतेक वेळा पॅनेलवरच्या एका खटक्यापाशी. त्यावर ‘ऑटो’ आणि ‘मॅन्युअल’ अशा दोन जागा असतात. एखाद्या दुपारी वरच्या मजल्यावरून तक्रार येते, तंत्रज्ञ खटका मॅन्युअलवर टाकतो, तक्रार मिटते आणि खटका महिनोन्‌महिने तिथेच राहतो. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. उकाड्यासाठी त्याला बोलणी बसतात, वाया गेलेल्या युनिटांबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून चांगली यंत्रणा मॅन्युअलवर असलेल्या यंत्रांची यादी रोज समोर ठेवते. भाड्याच्या इमारतीत आणखी एक पेच असतो: सेन्सरांचा खर्च मालकाचा आणि घटलेल्या बिलाचा फायदा भाडेकरूचा. आणि जाळ्याला जोडलेले प्रत्येक उपकरण, तसेच बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेला प्रत्येक पासवर्ड, हे आत शिरण्याचे दारही असते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या टार्गेट या दुकानसाखळीतून कोट्यवधी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांनी शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड वापरला होता.

गृहनिर्माण सोसायटीला बीएमएस परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी ओळखून पंप बंद करणारा सेन्सर, जिन्यात हालचालीवर लागणारे दिवे, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड मोजून गरजेपुरताच फिरणारा एक्झॉस्ट पंखा, ही तिथली मुख्य कामे. त्यांतला पंखा बारकाईने पाहण्याजोगा. गाड्यांची ये-जा सकाळ-संध्याकाळ असते, पंखा मात्र बहुतेक ठिकाणी टायमरवर, नाहीतर दिवसभर चालू असतो.