परदेशांतून पॉवर टिलर आणविणें : एक हिशेब

ऊसभरणीचे दिवस आले कीं आमच्या मुरगूड भागांत औतांची ओढाताण सुरू होते. ज्याच्या दावणीला बैल आहेत तो आधीं आपलें रान उरकणार आणि मग शेजाऱ्याच्या हांकेला ओ देणार; तोंवर ऊस इतका वाढतो कीं सरींत जूं शिरत नाहीं. मोठा ट्रॅक्टर तर त्याच्याहि आधीं निरुपयोगी झालेला असतो. अशा वेळीं ज्याच्या मागून पायीं चालावयाचें तो लहान ट्रॅक्टर, म्हणजे आपण ज्यास पॉवर टिलर म्हणतों तो, घरचा असावा असें दोन-तीन एकरांच्या खातेदारास वाटणें स्वाभाविक आहे. त्यांतच हल्लीं प्रत्येकाच्या हातीं मोबाईल असून त्यावर चीनमधील कारखानदारांचे भाव घरबसल्या पाहावयास मिळतात. येथील दुकानीं जी किंमत सांगतात तिच्या तिसऱ्या हिश्शांत तेथें यंत्र दिसतें. मग वेदगंगेच्या दोन्ही कांठचे सभासद आम्हांस गांठून म्हणतात, "भाऊसाहेब, तुमची हयात कागदांत गेली, एवढं यंत्र मागवून द्या की."

आम्ही ही खटपट एकदां करून बसलों आहों, म्हणून उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असें समजतों. 2018 सालीं दोन चुलतभाऊ व आम्ही अशा तिघांनीं मिळून सहा अश्वशक्तीचें एक डिझेल यंत्र चीनमधून आणविलें. त्या वेळीं ही आयात खुली होती. आज ती तशी नाहीं, आणि हीच गोष्ट वाचकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावी. केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयानें जुलै 2020 मध्यें पॉवर टिलर आणि त्याचे मुख्य भाग, म्हणजे इंजिन, गिअरपेटी, सांगाडा व रोटाव्हेटर, यांची आयात मुक्त वर्गांतून काढून निर्बंधित वर्गांत घातली. निर्बंधित म्हणजे अजीबात बंद नव्हे; परवाना असल्यावांचून आणतां येत नाहीं इतकेंच. परंतु परवान्याच्या अटीच अशा कीं, अर्जदार ह्या धंद्यांत निदान तीन वर्षें असावा व मागील तीन वर्षांत त्यानें निदान शंभर टिलर विकलेले असावेत. शिवाय परवान्याचें मूल्य त्या पेढीच्या आदल्या वर्षींच्या आयातीच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊं नये. एका यंत्राची गरज असलेला शेतकरी ह्या चाळणींतून कसा उतरावा ?

कित्येकांची समजूत अशी आहे कीं, घरच्या वापरासाठीं एखादी वस्तु आणली तर सरकार आड येत नाहीं. ही समजूत अर्धी खरी आहे. आयात करणारास जो आयात-निर्यात कोड काढावा लागतो (तो आतां पॅन क्रमांकच असतो) त्यांतून खाजगी वापराच्या वस्तूंस सूट आहे. पण त्याच नियमांत पुढें असें म्हटलें आहे कीं, तो वापर व्यापार, कारखानदारी किंवा शेती यांच्याशीं संबंध नसलेला असावा. घड्याळ आणणाऱ्यास जी सूट ती नांगर आणणाऱ्यास नाहीं ! आम्हीं छत्तीस वर्षें सरकारी कागद वाचले, तरी हा "शेती" शब्द आमच्या नजरेंतून पहिल्या वाचनांत निसटला होता, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरी एक युक्ति सुचविणारे दलाल भेटतात. ते म्हणतात, कागदावर टिलर लिहूंच नका, दुसरें कांहीं लिहूं. ह्या वाटेस कोणीं जाऊं नये. जकात खातें मालाकडे पाहतें, नांवाकडे नव्हे. आणि माल एक व वर्णन दुसरें निघाल्यास 1962 च्या कस्टम्स कायद्याखालीं तो जप्त होऊं शकतो. दलाल त्याची दस्तुरी आधींच घेऊन मोकळा झालेला असतो.

आतां आमच्या यंत्राचा जमाखर्च. कारखानदार जो भाव सांगतो तो बहुधा त्याच्या देशांतील बंदरावर माल जहाजांत चढविण्यापुरता असतो. तेथून पुढें जहाजभाडें, विमा, बँकेची हुंडणावळ, आपल्या बंदरावरील उतराई, गोदामभाडें, जकातीच्या अडत्याची मजुरी, आणि शेवटीं न्हावाशेव्याहून मुरगुडापर्यंत ट्रकभाडें. जकात केवळ यंत्राच्या किंमतीवर बसत नाहीं. भाडें व विमा मिळवून जी रक्कम होते तीवर बसते. जकातीवर अधिभार, आणि त्या सर्वांच्या बेरजेवर पुन्हां वस्तु व सेवा कर. हा कर शेतीच्या यंत्रांवर त्या वेळीं 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला आहे. व्यापाऱ्यास भरलेल्या कराची वजावट मिळते, नोंदणी नसलेल्या शेतकऱ्यास ती मिळत नाहीं. आमच्या वहीप्रमाणें मूळ किंमतीच्या दर शंभर रुपयांमागें यंत्र अंगणांत येईपर्यंत एकशें एक्याऐंशी रुपये पडले. ह्यांत कोणी लबाडी केली असें नाहीं. बंदरावरील बहुतेक आकार हे खेपेवर असतात, नगावर नसतात. एका यंत्रासाठीं जितके कागद तितकेच शंभर यंत्रांसाठीं. शंभर आणणाराचा तो खर्च शंभरांत वांटला जातो, आमचा एकट्या यंत्राच्या डोक्यावर बसला. त्यांत एक कागद दुरुस्त होऊन येईतों माल अकरा दिवस गोदामांत पडला. त्याचें भाडें निराळें.

इतकें होऊनहि यंत्र थोडें स्वस्तच पडलें होतें, आणि पहिला हंगाम आम्ही खुशींत होतों. खरी गोष्ट दुसऱ्या वर्षीं कळली. ह्या लहान चिनी यंत्रांवरील डिझेल इंजिनें यानमार ह्या जपानी कंपनीच्या इंजिनांच्या नमुन्यावर बनविलेलीं असतात व त्यांचे सुटे भाग कोल्हापुरांत सहज मिळतात. गिअरपेटीचें तसें नाहीं. प्रत्येक कारखान्याची पेटी वेगळी, आणि त्याच कारखान्याची दोन वर्षांनंतरची पेटी पहिलीशीं जुळेलच असा नेम नाहीं. ऐन भरणींत आमच्या पेटींतील एका गिअरचे चार दांते उडाले. कारखानदारास पत्र धाडलें. उत्तर आलें कीं, तो नमुना आतां आम्ही करीत नाहीं.

सुदैवानें कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगर आहे. तुटका गिअर नमुन्यास दिला आणि आठवड्याभरांत नवा कापून मिळाला. काम हुबेहूब होतें. परंतु कापल्यावर त्यास भट्टींत घालून कठीण करावें लागतें, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि ते आम्हींच वांचविले. तो गिअर चार आठवड्यांत मेणासारखा झिजला. दुसरा करविला तो कठीण करून घेतला. तो टिकला, पण ह्या सगळ्या ओढाताणींत पेटीचें ॲल्युमिनियमचें आवरण धारव्याच्या जागीं तडकलें. तोंपर्यंत भरणी संपली होती. आमचा पाऊण एकर ऊस त्या सालीं भरणीवांचून राहिला व पुढें वळवाच्या वाऱ्यानें लोळला. त्या पाऊण एकराचा तोटा आम्हीं वहींत यंत्राच्याच खातीं मांडला आहे, आणि तेव्हांपासून यंत्र येथील दुकानाहून महाग पडलें आहे.

लोखंडी अवजारावर विश्वास बसावयास वेळ लागतो, हें आपल्या मुलखास नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल ह्या भीतीनें पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पुढें 1910 सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. तो नांगर खेडोपाडीं गेला ह्याचें एक कारण आमच्या मतें हें कीं, फाळ झिजला तर नवा फाळ आणावयास समुद्र ओलांडावा लागत नव्हता.

पॉवर टिलरहि आपल्याकडे परदेशांतूनच आला. 1960 नंतरच्या दशकांत तो जपानांतून आला, तोहि भाताच्या चिखलणीसाठीं. परंतु बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीनें मित्सुबिशीच्या सहकार्यानें आणि 1973 सालीं स्थापन झालेल्या केरळ सरकारच्या कॅम्को कंपनीनें कुबोटाच्या नमुन्यावर तो येथेंच तयार करण्यास घेतला. त्यांचा बारा-तेरा अश्वशक्तीचा टिलर वजनानें चार क्विंटलांच्या आसपास भरतो. हें वजन ओझें समजूं नये. जाहिरातींतील अश्वशक्ति पाहून भुलणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, यंत्र जमीन धरतें तें वजनानें. सव्वा क्विंटलाचें यंत्र सर पिराजीराव तलावाखालच्या काळ्या रानांत नाचतें, चालवणाऱ्याचे खांदे मोडतें आणि चार बोटांखालीं जात नाहीं. भुसभुशीत मळीच्या रानांत किंवा भाजीपाल्याच्या वाफ्यांत तेंच यंत्र उत्तम चालतें. तेथें त्याचा दोष नाहीं.

सरकारी अनुदानाचाहि विचार ह्याच ओघांत करावा. कृषि यांत्रिकीकरणाच्या योजनेंत अल्प व अत्यल्प भूधारक, स्त्रिया आणि अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यांस ठरलेल्या कमाल मर्यादेच्या आंत 50 टक्के व इतरांस 40 टक्के साहाय्य मिळतें. पण तें सरकारमान्य केंद्रांत कसोटी झालेल्या यंत्रावरच. टिलरची अशी कसोटी आंध्र प्रदेशांतील गार्लदिन्ने येथील केंद्रांत होते. स्वतः आणविलेल्या एकट्या यंत्राजवळ तसा दाखला कोठून असणार ? स्वस्ताईची तुलना करतांना येथील यंत्राची किंमत अनुदान वजा करून धरावी, बहुतेकजण ती तशी धरीत नाहींत. अर्ज महाडीबीटीवर करावा आणि मंजुरीचें पत्र हातीं येण्यापूर्वीं खरेदी करूं नये. आमच्या नोकरींत असे कित्येक अर्ज पाहिले कीं, ज्यांत पावतीची तारीख पत्राच्या तारखेच्या आधींची असल्यामुळें ते बाद झाले.

तरीहि एकट्यानें घ्यावें कीं पांच-सहा जणांनीं मिळून, हा प्रश्न उरतोच. वर्षांतून वीस-पंचवीस दिवसांचें काम असेल तर आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. मात्र यंत्र कोणाच्या गोठ्यांत राहील, तेल कोण बदलील आणि आधीं कोणाचें रान, हें कागदावर लिहून सह्या घेतल्यावांचून पैसे गोळा करूं नयेत. दुकानदारास प्रथम किंमत न विचारतां गिअरपेटीचा एक सुटा भाग मागावा. तो फळीवरून काढून दिला तर पुढें बोलावें. "चार दिवसांनीं या" म्हणाला तर चार दिवसांनीं खरोखरच जाऊन पाहावें.

आमचें इंजिन सध्यां कडबाकुट्टीस जोडलें आहे व उत्तम चालतें. तडकलेली पेटी गोठ्याच्या माळ्यावर आहे. कोणास उघडून पाहावयाची असल्यास मुरगुडास यावें. दोन्ही गिअर, झिजलेला आणि कठीण केलेला, शेजारीं शेजारीं ठेवले आहेत.