तेलानंतरचे हातमोजे

विलेपार्ल्यात बाळंतिणीच्या घरी तेल लावायला बाई येतात. पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर बाळ घ्यायचं, वाटीत कोमट खोबरेल. रगडून झालं की त्या बाळाची उजवी मूठ डाव्या तळपायाला टेकवतात, डावी उजव्याला, मग दोन्ही हातांची छातीवर फुली. पुढे डाळीचं पीठ, न्हाणं, धुरी, दुपटं. याने हाडं बळकट होतात, असं घरोघरी सांगतात. हाडांचं श्रेय तेलाला देणं जरा जास्तच होतं. त्या फुलीत याहून मोलाचं काही घडतं. तळपायाला मूठ लागते तेव्हा मुठीलाही तळपाय लागतो. बाईंचा हात लागला तर एकच स्पर्श. स्वतःचा लागला तर दोन, आणि तेही एकदम. ‘मी’ कुठे संपतो, हे बाळाला कळायचं ते या फरकातून. १९९७ साली फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस या संशोधकांनी जेमतेम दिवसाच्या बाळांचे गाल तपासले. परक्याचं बोट लागलं की बाळं दूध शोधायला तोंड वळवत. स्वतःच्या हाताला मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा. तिप्पट, आणि वय एक दिवस!

यावर कुणी म्हणेल, मालिशचा सिद्ध झालेला फायदा वजनाचाच. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या २००५ सालच्या अभ्यासात खोबरेल लावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन भराभर वाढलं, पण चेतासंस्थेच्या तपासणीत गटागटांत लक्षणीय फरक दिसला नाही. खरं आहे. मात्र तिथे खोबरेल, खनिज तेल आणि पावडर, अशा तिन्ही गटांना मालिश होतीच. तुलना तेलांची झाली, हाताची नव्हे. नाक ओढणं, कानात तेल सोडणं यांवर बालरोगतज्ज्ञ रागावतात ते रास्तच. फुलीला त्याची झळ का लागावी?

खटकतं ते पुढचंच. बाई गेल्या की ओरखडे नकोत म्हणून त्याच हातांवर मोजे चढतात. सकाळी जुळवून दिलेला दुहेरी स्पर्श दिवसभर कापडाआड. नखांची काळजी खोटी नाही, पण नखं बाळ झोपेत असताना कापता येतात. संशोधक एमी नीडम यांनीही २००२ साली तीन महिन्यांच्या बाळांना मोजे घातले होते, पण खेळणी चिकटतील असे आणि रोज थोडाच वेळ. दोनेक आठवड्यांत ती बाळं वस्तूंकडे जास्त झेपावू लागली. पार्ल्यातल्या मोज्यांना काहीच चिकटत नाही.